उद्यमबागेचा टर्नर, ऑन्टारिओचं वर्कशॉप: पहिल्या सत्रात जॉब का फुकट जातात

बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. खानापूर तालुक्यातलं घर, शाळा मराठी माध्यमाची, आयटीआयला टर्नर ट्रेड, मग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवर तीन वर्षं. कामावर कन्नड आणि मराठी दोन्ही चालतं. इंग्रजी म्हणजे मशीनच्या भागांची आणि टूलची नावं. हा मुलगा कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात एका सरकारी कॉलेजात दोन वर्षांच्या मशीनिंग डिप्लोमाला जातो आणि पहिल्याच सत्रात त्याचे तीनपैकी दोन जॉब, म्हणजे मशीनवर करायला दिलेले भाग, नापास होतात. शेजारच्या लेथवरची, आयुष्यात पहिल्यांदा चक (जॉब पकडणारा जबडा) आवळणारी पोरं मात्र पास होतात.

हे प्रकरण एका ठराविक माणसाचं नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातून असं शिकायला जाणाऱ्या कामगार-विद्यार्थ्याच्या वाटेत जे अडथळे हमखास येतात, ते एका विद्यार्थ्याच्या रूपात मांडले आहेत. मापं आणि आकडे मात्र मशीनवर जसे येतात तसेच दिले आहेत, कारण खरी गडबड तिथेच होते.

आमचं मत आधीच सांगतो. या मुलाच्या हातात कसब कमी नव्हतं. त्याला नडल्या त्या तीन वर्षांच्या सवयी, आणि त्यातल्या बहुतेक बेळगावात असतानाच मोडता आल्या असत्या.

नापास होणं इथे नुसतं मार्कांपुरतं राहत नाही, तेही समजून घ्यायला हवं. पहिल्या सत्राचा वर्कशॉपचा विषय सुटला नाही तर पुढच्या सत्राचा वर्कशॉप घेता येत नाही, आणि बऱ्याच कॉलेजांत तो विषय वर्षातून एकदाच लागतो. मग पुढच्या सत्रात विषय कमी पडतात आणि विद्यार्थी पूर्णवेळ राहत नाही. शिक्षणानंतरचा कामाचा परवाना हवा असेल तर शेवटचं सत्र सोडून प्रत्येक सत्रात पूर्णवेळ असावं लागतं. म्हणजे लेथच्या डायलवर चुकलेले आठ भाग थेट परवान्यापर्यंत जाऊन पोचू शकतात.

कोर्स निवडताना

बेळगावात सल्ला देणारे पुष्कळ आहेत. त्यातले बरेच जण टर्नरच्या मुलालाही बिझनेस किंवा प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या डिप्लोमाकडे वळवतात, कारण तिथे प्रवेश लवकर मिळतो. हा सल्ला आता सरळसरळ नुकसानीचा आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ज्यांनी स्टडी परमिटचा अर्ज केला, त्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना शिक्षणानंतरचा कामाचा परवाना ठराविक विषयांनाच मिळतो. प्रत्येक कोर्सला एक सहा आकडी वर्गीकरण कोड असतो. मशीन टूल टेक्नॉलॉजी आणि मशिनिस्टचा कोड ४८.०५०१ आहे. कोर्सच्या नावावर जाऊ नये. 'मेकॅनिकल टेक्निशियन' या एकाच नावाखाली दोन कॉलेजांत दोन वेगळे कोड असू शकतात. कॉलेजला ईमेल करून कोड लेखी मागवायचा आणि तो चालू यादीत आहे का ते अर्जाच्या दिवशी बघायचं, कारण यादी बदलते. सरकारी कॉलेजाचा अभ्यासक्रम खाजगी संस्थेच्या इमारतीत शिकवला जातो, तसल्या भागीदारीचा कोर्स १५ मे २०२४ ला किंवा त्यानंतर सुरू केला तर हा परवाना मिळतच नाही. 'एसडीएसमधून लवकर काम होईल' असं कुणी अजून सांगत असेल तर तिथून उठावं. स्टडी परमिट लवकर देणारी ती योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली.

दुसरी चौकशी यापेक्षा महत्त्वाची: दर आठवड्याला मशीनवर प्रत्यक्ष किती तास, आणि एका मशीनमागे किती विद्यार्थी? काही डिप्लोमात कॅड-कॅमचे तास भरपूर आणि हाताने चालवायच्या लेथ-मिलिंगचे तास नावापुरते असतात. सीएनसी आधीच येणाऱ्या मुलाने नेमका उलटा कोर्स शोधावा. त्याची कच्ची बाजू मॅन्युअल मशीन, सेटअप आणि मोजमाप ही आहे. बटण दाबायला त्याला कुणी शिकवायची गरज नाही.

ज्याला फक्त टूल आणि डाय मेकिंगच शिकायचंय, परदेशात राहण्याचा विचार नाही, त्याने लाखोंचं कर्ज काढण्याआधी उद्यमबागेतल्या जीटीटीसीत (गव्हर्नमेंट टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटर) चौकशी करावी. डेन्मार्क सरकारच्या सहकार्याने १९७२ साली बेंगळुरूत सुरू झालेल्या संस्थेचं हे बेळगाव केंद्र आहे. तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष कारखान्यात प्रशिक्षण असा आहे.

कागदपत्रं, सीमाभागातली

आपल्याकडच्या कुटुंबांत एक अडचण नेहमीची. जमीन थोडी खानापूर किंवा बेळगाव तालुक्यात, थोडी चंदगडकडे. इकडचा आरटीसी उतारा कन्नडात, तिकडचा सातबारा मराठीत. पैशाची ताकद दाखवताना दोन्ही लावायचे तर दोन्हींचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, आणि दोन्हींत वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एकच यायला हवं. तसं ते येत नाही. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डवर आडनावाच्या जागी नुसतं आद्याक्षर, आयटीआयच्या सर्टिफिकेटवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, पासपोर्टवर आणखी तिसरंच. ही दुरुस्ती पासपोर्टपासून सुरू करावी आणि इतर कागदांसाठी प्रतिज्ञापत्र करून ठेवावं. हे काम कॉलेजचं पत्र आल्यावर काढलं तर सत्र हुकतं.

कामाच्या अनुभवाचा पुरावा हीसुद्धा एक भानगड. आयटीआय संपून तीन वर्षं झाली, मग या तीन वर्षांत काय केलं, हा प्रश्न अर्ज तपासणाऱ्याला पडणारच. कॉन्ट्रॅक्टवर काम केलेल्या मुलांकडे नेमणूक पत्र नसतं, पगार कधी हातात तर कधी खात्यात. पीएफचं पासबुक, बँकेचं स्टेटमेंट आणि मालकाच्या लेटरहेडवर मशीनचं नाव, कंट्रोल, कामाचा प्रकार लिहिलेलं पत्र, एवढं जमवलं तर गॅपचा प्रश्न उरत नाही. 'सीएनसी ऑपरेटर, वर्तन चांगले' असल्या दोन ओळींच्या पत्राचा काही उपयोग नाही.

पहिला जॉब: पायऱ्यांचा शाफ्ट

१ इंच व्यासाचा, १०१८ ग्रेडच्या माइल्ड स्टीलचा बार. एका टोकाला ०.७५० इंच व्यास, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वरती शून्य, खाली ०.००१, त्या पायरीची लांबी १.५०० इंच. दुसऱ्या टोकाला अर्धा इंच, १३ आट्यांचा यूएनसी थ्रेड. एकूण लांबी ५.०० इंच. कॅनडात सरकारी माप मेट्रिक असलं तरी मशीन शॉपचं बरंचसं काम अमेरिकेशी बांधलेलं, त्यामुळे ड्रॉइंग, मायक्रोमीटर, डायल सगळं इंचात.

विद्यार्थ्याने रफिंग छान केलं. चकमध्ये पकडलं, टेलस्टॉकचा सेंटर दिला, हाय स्पीड स्टीलच्या टूलला मिनिटाला १०० फूट कटिंग स्पीड धरून ४०० आरपीएम लावले. फिनिशिंगच्या आधी मायक्रोमीटरवर ०.७५८ आलं. मधलं माप धरायचं म्हणून त्याने ०.७४९५ ठरवलं. काढायचे ०.००८५, म्हणजे साडेआठ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). क्रॉस स्लाइडचा डायल साडेआठ भाग पुढे घेतला, ऑटो फीड टाकला, कट पूर्ण केला. माप आलं ०.७४१. खालच्या मर्यादेपेक्षा आठ थाऊ कमी. जॉब गेला.

कारण साधं आहे. सीएनसी लेथवर एक्स अक्ष व्यासात चालतो. ऑफसेटमध्ये (मशीनवर टाकायच्या मापाच्या दुरुस्तीत) जेवढं टाकाल तेवढं व्यासातून जातं, आणि तीन वर्षं त्याने दिवसभर तेच केलं होतं. या लेथचा डायल मात्र टूल जेवढं सरकतं तेवढंच दाखवणारा होता. टूल साडेआठ थाऊ आत गेलं की दोन्ही बाजूंचे मिळून व्यासातून सतरा जातात. आयटीआयच्या लेथवर हे त्याला शिकवलेलं होतं. ऑफसेट मारता मारता हातातून गेलं. त्यात भर म्हणजे एकाच वर्कशॉपमध्ये दोन मेकच्या लेथ असतात आणि दुसऱ्या मेकचा डायल थेट व्यास दाखवणारा असू शकतो. पाठांतराने इथे निभत नाही. नवीन लेथसमोर उभं राहिलं की पहिलं काम: क्रॉस स्लाइडला डायल इंडिकेटर टेकवायचा, हँडल ०.०५० फिरवायचं. इंडिकेटर ५० थाऊ हलला तर डायल त्रिज्येचा, २५ हलला तर व्यासाचा. निकाल लागला की मास्किंग टेपवर लिहून तो हेडस्टॉकला चिकटवायचा.

दुसरी चूक त्याच जॉबवर, पण लपलेली. त्याने ड्रॉइंगवरची सगळी मापं कॅल्क्युलेटरवर मिलिमीटरमध्ये करून घेतली आणि दोन दशांशांवर आटोपली. ०.७५० ते ०.७४९ म्हणजे १९.०५ ते १९.०२४६. कागदावर त्याने १९.०५ ते १९.०२ असं लिहिलं. १९.०२ मिलिमीटर म्हणजे ०.७४८८ इंच, मर्यादेच्या दोन दशांश थाऊ खाली. समजा डायलची चूक झाली नसती आणि माप १९.०२ वर आलं असतं, तर त्याने स्वतः पास म्हणून दिलेला जॉब इन्स्पेक्शनला नापास झाला असता.

लांबीच्या मापांत याहून मोठा घोटाळा. १.५०० आणि ५.०० ही दोन मापं बघा. ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये दिलं होतं: दोन दशांश असतील तर ±०.०१०, तीन असतील तर ±०.००५. म्हणजे शेवटचं शून्य हेच टॉलरन्स. त्याने १.५०० चं ३८.१ आणि ५.०० चं १२७ केलं आणि दोन्ही शून्यं उडाली. मग आपल्याकडच्या सवयीने आयएसओ २७६८ चा (टॉलरन्स न लिहिलेल्या मापांसाठीच्या मेट्रिक मानकाचा) मध्यम वर्ग धरला: ३० ते १२० मिलिमीटरला ±०.३. प्रत्यक्षात त्या पायरीला ±०.१२७ एवढीच मोकळीक होती, निम्म्याहूनही कमी. कॅल्क्युलेटर खिशात ठेवून इंचातच विचार करायचा, याला दुसरा उपाय नाही. मेट्रिकमध्ये विचार करून इंचाच्या डायलवर काम करणारा माणूस दर मापाला दोनदा चुकायची संधी घेतो.

इंचाचा मायक्रोमीटर वाचणं अवघड नाही. स्लीव्हवरचा आकडा म्हणजे इंचाचा दहावा भाग, मधली प्रत्येक छोटी रेघ २५ थाऊची, थिंबलवर २५ भाग, प्रत्येक एक थाऊ. ०.७४९५ वाचताना स्लीव्हवर ७ दिसतं, त्यापुढे एक रेघ, म्हणजे ०.७२५, थिंबलवर साडेचोवीस. दोन्ही मिळून ०.७४९५. आपल्या मायक्रोमीटरवर अर्ध्या मिलिमीटरची रेघ नजरेतून सुटते, तशी इथे २५ थाऊची सुटते. थिंबल शून्याच्या आसपास असेल तेव्हा ती रेघ उघडी पडली की नाही याची शंका येते. तेव्हा कॅलिपरने आधी ढोबळ माप घेऊन खात्री करायची.

गरम जॉबचाही हिशेब सांगून टाकतो. पाऊण इंचाचं स्टील कटिंगमध्ये ३० अंश सेल्सिअसने तापलं तर सुमारे पाव थाऊ फुगतं. टॉलरन्स एक थाऊचा असताना हा त्याचा चौथा हिस्सा. गरम जॉबवर माप बरोबर आलं म्हणून काढला की थंड झाल्यावर बारीक भरतो. फाउंड्रीच्या कास्टिंगवर वीस-तीस मायक्रॉनची फिकीर न करणाऱ्या शॉपमधून आलेल्याला हे जाणवलेलं नसतं.

आटे मात्र त्याने उत्तम काढले. कंपाउंड साडेएकोणतीस अंशांवर, कंपाउंडने एकूण सुमारे ५४ थाऊ आत, १३ ही विषम संख्या असल्याने थ्रेड डायलवर आकडा असलेल्या रेघेवरच हाफ नट लावायचा, हे सगळं बिनचूक. तपासणीची गो रिंग फिरली, नो-गो अडली. जॉब आधीच बाद झाल्यामुळे त्याचे मार्क फारसे मिळाले नाहीत, पण शिकवणाऱ्याच्या नजरेत ते भरलं आणि पुढे कामी आलं.

दुसरा जॉब: आरशातला ब्लॉक

६०६१ ॲल्युमिनियमचा ३ × २ × १ इंचाचा ब्लॉक. एका टोकाच्या पृष्ठावर पाव इंच, २० आट्यांची दोन आंधळी (आरपार न जाणारी) भोकं. समोरच्या दृश्यात लपलेल्या रेषा दिलेल्या नव्हत्या. भोकं फक्त उजवीकडे काढलेल्या दृश्यात दिसत होती. विद्यार्थ्याने ती डाव्या टोकाला पाडली.

आपल्याकडे आयटीआयत मुख्यतः फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात. त्यात उजवीकडे काढलेलं दृश्य वस्तूच्या डाव्या बाजूचं असतं. उत्तर अमेरिकेत थर्ड अँगल: उजवीकडचं दृश्य उजव्या बाजूचंच. टायटल ब्लॉकजवळ छाटलेल्या शंकूचं चिन्ह असतं, ते बघायचं. दोन वर्तुळं शंकूच्या निमुळत्या टोकाकडे असतील तर थर्ड अँगल, रुंद टोकाकडे असतील तर फर्स्ट. गोल जॉब करणाऱ्या टर्नरला हा फरक वर्षानुवर्षं जाणवत नाही, कारण शाफ्ट दोन्हीकडून शाफ्टच दिसतो. मिलिंगला गेला की पहिल्याच दिवशी आपटतो. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीच्या एसईझेडमध्ये विमानाच्या सुट्या भागांवर काम केलेल्या मुलांना हा त्रास कमी होतो. अमेरिकी विमानांची ड्रॉइंग इंचात आणि थर्ड अँगलमध्येच येतात.

त्याच ब्लॉकमध्ये टॅपही (भोकात आटे पाडणारं टूल) मोडला. पाव इंच-२० ला टॅप ड्रिल ७ नंबरचा, ०.२०१ इंच. विद्यार्थ्याने बेळगावहून आणलेल्या किटमधला ५ मिलिमीटरचा ड्रिल लावला, कारण एम ६ ला तोच लागतो आणि पाव इंच म्हणजे जवळजवळ ६ मिलिमीटर. ५ मिलिमीटर म्हणजे ०.१९६९. चार थाऊचा फरक, पण त्यामुळे थ्रेडची भरण ७५ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर जाते, टॅप जड होतो, आंधळ्या भोकात चिप साठते, आणि अर्धा फेरा उलटा फिरवून चिप तोडायला विसरलं की टॅप आत राहतो. ५.१ मिलिमीटरचा ड्रिल चालला असता. तो ७ नंबरच्या जवळपास बरोबर येतो.

व्हर्टिकल मशीनिंग सेंटरच्या शेजारून आलेल्या मुलाला आणखी एक गोष्ट ठाऊक नसते: नी टाइप मिलिंग मशीनचं हेड तिरकं होऊ शकतं. आधीच्या विद्यार्थ्याने अंशात काम करून हेड तसंच सोडलेलं असतं. स्पिंडलला इंडिकेटर लावून टेबलावर आठ-दहा इंचांच्या वर्तुळात फिरवायचा आणि फरक एक थाऊच्या आत आणायचा. तो न आणता फेस कट मारला तर दोन पासांच्या मधे पायरी उमटते, आणि भोक ब्लॉकच्या तोंडाला काटकोनात राहत नाही. जॉबची कड शोधणाऱ्या एज फाइंडरचं टोक ०.२०० इंचाचं, म्हणून कड सापडल्यावर ०.१०० सरकवून शून्य करायचं. हेही एकदा विसरून होतंच.

कागदावर न उतरलेलं काम

उद्यमबागेत मिस्त्री अर्धं वाक्य बोलतो आणि जॉब होतो. 'हे मोठ्या चकवर घे, मागनं सेंटर दे, ह्या तोंडाला दोन कट.' काम ठरवणारा एक, करणारा दुसरा, आणि कागदावर फक्त शेवटचं माप. कॉलेजात बार कापायच्या आधी ऑपरेशन शीट लिहून द्यावं लागतं आणि त्याचे वेगळे मार्क असतात. विद्यार्थ्याच्या शीटवर लिहिलं होतं: व्यास टर्न करा, तपासा. हवं होतं ते असं: ऑपरेशन ३०, बार चकबाहेर साडेतीन इंच, टोकाला सेंटर, ४०० आरपीएम, फीड फेऱ्याला ०.००४, फिनिशिंगला व्यासावर १० थाऊ शिल्लक, ०-१ इंच मायक्रोमीटरने दोन जागी माप. असं लिहिताना माणसाला डायल त्रिज्येचा की व्यासाचा हा प्रश्न आपोआप पडतो. शीट लिहिणं ही कारकुनी आहे असं त्याला वाटलं, आणि आमच्या मते सत्रातली त्याची सगळ्यात महागडी समजूत हीच.

प्रश्न न विचारणं त्याच्याच जोडीला. आपल्याकडे 'समजलं काय?' ला 'हो सर' हेच उत्तर, मग समजो न समजो. तिथे शिकवणाऱ्याला पहिल्या नावाने हाक मारतात, आणि विचारलं नाही तर समजलं असंच धरतात.

सुरक्षेच्या सवयींनी दोनदा मशीनवरून उतरवलं. एकदा एअर गनने चिप उडवली म्हणून, एकदा हातातला देवाचा दोरा आणि अंगठी न काढल्यामुळे. फिरत्या मशीनवर हातमोजे चालत नाहीत, बाह्या कोपराच्या वर, बुटांवर सीएसएचा (कॅनडाच्या मानक संस्थेचा) हिरवा त्रिकोण हवा. बेळगावहून घेतलेले सेफ्टी शूज कितीही मजबूत असले तरी त्यांवर तो शिक्का नसतो, त्यामुळे बूट तिकडेच घ्यावेत. चकची चावी चकमध्ये ठेवून हात सोडला की तिथे थेट घरी पाठवतात. यात मात्र त्यांचंच बरोबर आहे.

उद्यमबागेतच होणारी तयारी

तिसरा जॉब पास झाला, तोही डायल तपासून, शीट लिहून आणि टूल क्रिबमधलंच (कॉलेजच्या टूलच्या खोलीतलंच) सामान वापरून. हे सगळं जाण्याआधी तीन महिन्यांत बसवता येतं. उद्यमबागेत नाहीतर मच्छेत एखाद्या ओळखीच्या छोट्या जॉब शॉपमध्ये संध्याकाळी जुनी मॅन्युअल लेथ मागून घ्यावी. सेकंड हँड ०-१ इंच मायक्रोमीटर एवढीच खरेदी पुरते. कास्टिंगच्या भंगारातल्या बारवर नुसते व्यास धरायचे: आधी पाच थाऊत, मग दोन, मग एक. प्रत्येक जॉबची ऑपरेशन शीट इंग्रजीत लिहायची, भले स्पेलिंग चुको. थर्ड अँगलची सवय व्हायला साबणाच्या वडीवर ब्लॉक कापून बघणं हा चांगला मार्ग. ड्रॉइंगवरून भोक कुठे येतं ते चाकूने कोरलं की चूक लगेच दिसते.

गणितात फार काही नाही, पण मराठी माध्यमाच्या मुलाला संकल्पना येते आणि इंग्रजी नाव येत नाही. काटकोन त्रिकोण, साइन, टॅन, एवढंच. पाच इंची साइन बारखाली (कोन बसवायच्या पट्टीखाली) ३० अंशांसाठी किती उंचीचे गेज ब्लॉक? ५ गुणिले साइन ३०, म्हणजे २.५००. आरपीएमचं इंची सूत्र: कटिंग स्पीड फुटांत, गुणिले ४, भागिले इंचातला व्यास. हे तोंडी यावं.

भाषेच्या परीक्षेचं एक. डिप्लोमानंतरच्या परवान्याला चारही कौशल्यांत सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) ५ लागतं. आयएल्ट्स जनरलमध्ये ते ऐकणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी ५.० आणि वाचन ४.० इतकं येतं. कॉलेजच्या प्रवेशाला लागणारा बँड याहून वरचा असतो, त्यामुळे भीती परीक्षेची नको. वर्कशॉपमध्ये शिकवणारा मशीनच्या आवाजात भरभर बोलतो, त्याची तयारी कुठल्याच क्लासमध्ये होत नाही.

पैसा आणि परवाना

१ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला राहण्याच्या खर्चापोटी २२,८९५ कॅनडियन डॉलर दाखवावे लागतात, पहिल्या वर्षाची फी आणि प्रवास वेगळा. डॉलर ६० रुपयांना धरला तरी नुसत्या राहण्याचेच पावणेचौदा लाख होतात. फी साधारण १५ ते २० हजार डॉलरच्या घरात, म्हणजे आणखी नऊ ते बारा लाख. कर्ज काढणाऱ्याने दुसऱ्या वर्षाच्या फीची व्यवस्था आजच करावी. सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासांपर्यंतच काम करता येतं आणि त्यातून फी निघत नाही, जेवणखाण आणि भाडं निघालं तरी पुष्कळ. तेवढ्या तासांत गोदामात खोकी उचलण्यापेक्षा एखाद्या मशीन शॉपमध्ये बर (कापल्यावर कडेला राहिलेली धार) काढायचं किंवा फरशी झाडायचं काम मिळालं तर ते घ्यावं, तासाला थोडे कमी मिळाले तरी. तिथल्या शिफारशीच्या पत्राला पुढे किंमत येते. ज्या शिकवणाऱ्याने त्या शाफ्टवरचे आटे बघितले, त्याच्याकडेच अशा शॉपची चौकशी करायची.

दोन वर्षांचा डिप्लोमा पूर्ण झाला की तीन वर्षांपर्यंतचा कामाचा परवाना मिळू शकतो. निकालानंतर १८० दिवसांत अर्ज करायचा. पण परवान्याची तारीख पासपोर्टच्या तारखेपुढे जात नाही. आयटीआयच्या वेळी काढलेल्या पासपोर्टची तीन-चार वर्षंच उरली असतील तर स्टडी परमिटचा अर्ज भरण्याआधी तो बेळगावातच नव्याने करून मिळतो का ते विचारावं.